झावळीवरची सोयरीक

बहरीनच्या उत्तर किनाऱ्यावर बुदैयाच्या बाजूला खजुरीच्या जुन्या बागा अजून दिसतात. गोड्या पाण्याचे झरे आटले, इमारती वाढत गेल्या, बागा आक्रसल्या; तरी जिथे त्या उरल्या आहेत तिथे लागवडीची जुनी पद्धत कायम आहे. वर खजुरी, तिच्या सावलीत लिंबू, डाळिंब, अंजीर आणि जमिनीलगत जनावरांसाठी लसूणघास. २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या कलात अल-बहरीन या किल्ल्याच्या आसपासही अशाच बागांचे पट्टे आहेत. आखातात खजुराची संगत फार जुनी. अबू धाबीच्या दल्मा बेटावर उत्खननात सुमारे ७००० वर्षांपूर्वीच्या खजुराच्या बिया मिळाल्या आहेत. इतका काळ एकच झाड एका मुलखात माणसाने जपलं, की ते खाणाऱ्या कीटकांनाही अन्नाचा हक्काचा साठा मिळतो. या बागेतल्या कीटकांकडे नीट पाहिलं, तर जीवशास्त्रातल्या एका मोठ्या प्रश्नाची उत्तरं इथे वेगवेगळ्या उंचीवर राहताना दिसतात. एकाच जातीतून दोन जाती होतात कशा, हा तो प्रश्न.

सुरुवात झावळीपासून करू. एप्रिलमध्ये किडीने धरलेल्या खजुरीची खालची झावळी वाकवून बघावी. पात्यांवर तेलकट चकाकी असते आणि बोट लावलं तर ते चिकटतं. त्या चिकट्यावर वाळवंटातली धूळ बसते, पातं मळकट होतं आणि पुढे त्यावर काळी बुरशी धरते. पातं उलटं केलं, की फिकट हिरवट-पिवळे, पाच-सहा मिलिमीटर लांबीचे तुडतुडे दिसतात. मादीच्या डोक्यावर काळे ठिपके असतात. पिल्लांच्या शेपटाशी मेणाच्या पांढऱ्या तंतूंचा झुबका असतो. हात जवळ नेला की ती आडवी सरकतात आणि टुणकन उडतात. मादी अंडी घालते ती पात्याला बारीक चीर पाडून. एकेक अंडं ती आत खोवते, बाहेर जेमतेम टोक राहतं. हिवाळाभर पात्यात राहिलेली अंडी वसंतात फुटतात. त्या पिढीने घातलेली अंडी भर उन्हाळा पात्यातच काढतात आणि ऊन उतरू लागलं की फुटतात. वर्षाला दोन पिढ्या, आणि दोन्ही पिढ्यांचं सगळं आयुष्य झावळीवर.

अरब शेतकरी या किडीला दुबास म्हणतात. तिचं शास्त्रीय नाव ओमॅटिसस लिबिकस, आणि एक स्वतंत्र जाती म्हणून ते तिला बऱ्याच उशिरा मिळालं. एकोणिसाव्या शतकात फीबर यांनी युरोपातल्या ओमॅटिसस बायनोटॅटस या तुडतुड्याचं वर्णन केलं होतं. १९३० मध्ये द बर्जव्हाँ यांनी लिबियातल्या नमुन्यांना त्याच जातीचा एक प्रकार ठरवून ‘लिबिकस’ हे नाव जोडलं. त्यानंतर जवळपास साठ वर्षं खजुरीवरचा दुबास हा युरोपातल्या तुडतुड्याचाच एक प्रकार समजला जात होता. १९८९ मध्ये मॅनफ्रेड आशे आणि मायकेल विल्सन यांनी या तुडतुड्यांची पुन्हा तपासणी केली, नरांच्या जननेंद्रियांची रचना बारकाईने पाहिली आणि दोन्ही जाती वेगळ्या असल्याचं मांडलं. बायनोटॅटस स्पेन, पोर्तुगाल, सिसिली या भागांत कॅमेरॉप्स ह्युमिलिस नावाच्या बुटक्या ताडावर राहतो. त्याची पानं आपल्या ताडासारखी पंख्याच्या आकाराची असतात. लिबिकस राहतो खजुरीवर. वेगळं झाड आणि वेगळी जाती, अशी ही जोडी आहे.

वनस्पती खाणाऱ्या कीटकांमध्ये असं चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. ज्ञात कीटकांच्या जवळपास निम्म्या जाती वनस्पतींवर जगतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचा आहार एका झाडापुरता किंवा एका कुळापुरता असतो. १९६४ मध्ये पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन यांनी फुलपाखरं आणि त्यांच्या खाद्य वनस्पती यांचा एकत्र विचार करून एक मांडणी केली. वनस्पती स्वतःच्या बचावासाठी विषारी रसायनं तयार करतात. एखादा कीटक त्यांच्यावर तोड काढतो. मग त्या वनस्पतींच्या अख्ख्या गोतावळ्यात त्याला मोकळं रान मिळतं आणि त्याचा वंश फोफावतो. रुईचा चीक बकरीही टाळते, पण रुईवर वाढणाऱ्या केशरी-तांबूस फुलपाखराची अळी तोच पाला खाऊन पोसते. पुढे १९८८ मध्ये चार्ल्स मिटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कीटकांच्या सख्ख्या कुळशाखांच्या १३ जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीत एक शाखा वनस्पती खाणारी होती, दुसरी नव्हती. १३ पैकी ११ जोड्यांत वनस्पती खाणाऱ्या शाखेत जातींची संख्या जास्त निघाली.

म्हणजे वनस्पती खाणं आणि जातींची भरभराट यांचा संबंध आहे, हे खरं. पण आहार बदलला म्हणजे आपोआप नवी जाती होते, असं मात्र नाही. दोन गट वेगळं खाऊ लागले आणि तरीही त्यांची आपसांत लग्नं होत राहिली, तर जनुकं मिसळत राहतात आणि वेगळेपण मुरत नाही. फाटा फुटतो तो खाण्याचं झाड हेच सोयरिकीचंही ठिकाण होतं तेव्हा. ज्या पात्यावर जेवण त्याच पात्यावर जोडीदार भेटत असेल, तर झाड बदललं की जोडीदारही बदलतो. या सगळ्या विषयाची मेख मला तरी इथे दिसते.

दुबास आणि बायनोटॅटस यांच्या जोडीत एक अडचण आहे. त्यांची झाडंही वेगळी आहेत आणि मुलूखही. मधे भूमध्य समुद्र आहे, वाळवंटं आहेत. नुसत्या अंतरामुळेही दोन गट दुरावून वेगळ्या जाती होऊ शकतात. त्यामुळे इथे फूट झाडाने पाडली की भूगोलाने, हे या एका जोडीवरून सिद्ध होत नाही. माझा कौल दोघांच्याही बाजूने आहे: अंतराने दुरावा आणला असणार आणि झाडाने तो पक्का केला असणार. पण झाडाचं काम सुटं करून बघायचं, तर दोन्ही गट एकाच ठिकाणी, एकमेकांच्या शेजारी राहत असले पाहिजेत.

असं उदाहरण दुबासच्याच नात्यात आहे, आणि तो कीटक मराठी शेतकऱ्याच्या चांगल्या ओळखीचा आहे. भंडारा-गोंदियापासून कोकणापर्यंत भातावर येणारा तपकिरी तुडतुडा. या कुळातले कीटक एकमेकांना शोधतात ते थरथरीवरून. पोट हलवून ते रोपाच्या दांड्यात कंप सोडतात; तो हवेतून आपल्या कानाला ऐकू येत नाही, पण त्याच रोपावर बसलेल्या जोडीदाराच्या पायांना कळतो. कार्डिफचे मायकेल क्लॅरिज आणि त्यांचे सहकारी यांनी फिलिपाइन्समधल्या तपकिरी तुडतुड्यांचा अभ्यास करून १९८५ मध्ये निष्कर्ष मांडले. भाताच्या शेजारीच, पाणथळ जागी लीर्सिया हेक्झांड्रा नावाचं गवत उगवतं आणि त्यावरही तुडतुडे असतात. दिसायला ते भातावरच्यांसारखेच. पण भातावरचे गवतावर नीट जगत नाहीत आणि गवतावरचे भातावर. नरांच्या प्रणयाच्या थरथरीची लयही वेगळी निघाली. प्रयोगशाळेत दुसरा पर्याय न ठेवता एकत्र सोडले, तर त्यांचा संकर होतो, संततीही होते. मात्र निवडीला वाव दिला, की दोन्हीकडचे आपापल्यांतच जुळतात. मधे समुद्र नाही, डोंगर नाही, बांधाएवढं अंतर आहे. ती थरथर रोपातूनच जात असल्यामुळे न टेकलेल्या वेगळ्या रोपावर बसलेल्यांना ती सहसा पोचतच नाही.

या विषयाचं सर्वांत गाजलेलं उदाहरण मात्र अमेरिकेतल्या एका फळमाशीचं आहे. ऱ्हागोलेटिस पोमोनेला ही माशी मुळात हॉथॉर्न या रानटी झाडाच्या लालचुटुक फळांत अंडी घालायची. युरोपातून आलेल्या लोकांनी सफरचंदाच्या बागा लावल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला न्यूयॉर्कजवळच्या हडसन खोऱ्यात ती सफरचंदात सापडू लागली. इलिनॉयमधले कीटकतज्ज्ञ बेंजामिन वॉल्श यांनी १८६० च्या दशकात लिहून ठेवलं, की खाद्य वनस्पती बदलल्याने नवी जाती घडण्याची ही सुरुवात असावी. डार्विनशी त्यांचा पत्रव्यवहार होता. पण पुढचं जवळपास शतकभर बहुतेक जीवशास्त्रज्ञ याच मताचे राहिले, की भौगोलिक अडसराशिवाय जाती फुटत नाही. १९६० च्या दशकात गाय बुश यांनी हा प्रश्न पुन्हा उचलला. १९८८ मध्ये जेफ्री फेडर आणि इतरांच्या संशोधनातून दिसलं, की सफरचंदावरच्या आणि हॉथॉर्नवरच्या माश्यांमध्ये जनुकीय फरक पडले आहेत, तेही एकाच परिसरात.

इथला अडसर काळाचा आहे. सफरचंद हॉथॉर्नच्या तीन-चार आठवडे आधी पिकतं. प्रौढ माशी जेमतेम महिनाभर जगते आणि जोडीदाराला भेटते ती फळावरच. तेव्हा सफरचंदावरची माशी लवकर बाहेर पडते, लवकर अंडी घालते आणि हॉथॉर्नची फळं भरात येईपर्यंत तिचा काळ सरत आलेला असतो. वासाचंही तसंच. सफरचंदाच्या माशीला सफरचंदाचा वास ओढतो, हॉथॉर्नच्या माशीला हॉथॉर्नचा, आणि परक्या फळाचा वास तिला दूर ढकलतो. दोन्ही गटांत दर पिढीला चार ते सहा टक्के देवाणघेवाण अजून होते, म्हणजे जाती पूर्ण फुटलेल्या नाहीत. पण सुमारे १७० वर्षांत एवढी मजल गाठली गेली आहे आणि ती माणसाच्या डोळ्यांसमोर.

आता बागेत खाली, लसूणघासाकडे वळू. लसूणघासावर येणारा हिरवा मावा मुळात वाटाण्यावरचा मावा म्हणून ओळखला जातो. न्यूयॉर्क राज्यात सेरा व्हाया यांनी लसूणघास आणि लाल क्लोव्हर या शेजारशेजारच्या दोन पिकांवरचा मावा तपासला. एका पिकावरचा मावा दुसऱ्या पिकावर ठेवला, तर त्याची वाढ खुंटते आणि पिल्लं कमी होतात. दोघांचा संकर केला, तर ती संतती कुठल्याच पिकावर मूळ मालकाइतकी चांगली जगत नाही. संकरित पिल्लू असं दोन्हीकडे उणं ठरत असेल, तर आपल्याच झाडाला आणि आपल्याच जोडीदाराला धरून राहणाऱ्यांचा वंश वाढतो. युरोपात जाँ पेकू आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं, की एकच समजल्या जाणाऱ्या या माव्यात वेगवेगळ्या शेंगवर्गीय झाडांना बांधलेले किमान ११ गट आहेत. काहींमध्ये फरक नुकताच पडू लागलाय. तीन गट इतके दूर गेलेत, की त्यांना स्वतंत्र जाती म्हणता यावं.

इथवरची सगळी उदाहरणं एका दिशेची आहेत. पण बहरीनच्या खजुरीच्या खोडात एक कीटक उलटी साक्ष देतो. नारळाच्या बागायतदारांना त्याची ओळख करून द्यायला नको. तो आपला सोंड्या भुंगा. भारतात त्याची नोंद नारळावरची कीड म्हणून १९०६ मध्ये झाली, पंजाबात खजुरीवर १९१७ मध्ये. १९८० च्या दशकात तो संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरबस्तानात पोचला आणि १९९५ मध्ये बहरीनमध्ये. स्वतः उडून नव्हे, तर खजुरीच्या मुनव्यांबरोबर. खजूर बियांपासून लावला तर आईबापाचे गुण उतरतीलच असं नाही, निम्मी झाडं नर निघतात. म्हणून बुंध्याशी आलेले मुनवे काढून लावतात, विकतात, सीमेपार पाठवतात. मुनव्याच्या आत अळी असेल तर बाहेरून दिसत नाही. झाडाला भोक दिसून तपकिरी द्रव पाझरायला लागेपर्यंत आतला गाभा भुशासारखा झालेला असतो. शेंडा कोलमडतो तेव्हा कळतं, पण तोवर झाड हातचं गेलेलं असतं.

नारळ सोडून हा भुंगा खजुरीवर गेला. खाण्याचं झाड बदललं, प्रदेश बदलला, हवामान पार बदललं. मग खजुरीचा सोंड्या आणि नारळाचा सोंड्या वेगळे झाले का? नाही. त्याची कारणं त्याच्या राहणीत आहेत. नर एक गंध सोडतो आणि त्याने नर-मादी दोन्ही गोळा होतात; हा गंध १९९३ मध्ये ओळखला गेला आणि आज सापळ्यांत वापरला जातो. झाड नारळाचं असो, खजुरीचं असो की आपल्याकडच्या शिंदीचं, हाक तीच. जखमी, आंबूस वासाचं खोड मिळालं की पुरे. शिवाय एकाच झाडात अंडी, अळ्या, कोष आणि भुंगे एकाच वेळी सापडतात, म्हणजे सफरचंदाच्या माशीसारखा काळाचा अडसर नाही. भुंगा दूरवर उडू शकतो आणि उरलेलं अंतर माणूस मुनव्यांच्या गाडीतून भरून काढतो. दुबास झावळीला जन्मभर जखडलेला, सोंड्या सगळ्या ताडकुळाचा पाहुणा.

सोंड्याच्या कुळात जाती फुटली आहे, पण ती झाडावरून नाही. आग्नेय आशियात त्याच्यासारखाच दुसरा भुंगा आहे, ऱ्हिंकोफोरस व्हल्नेरेटस. दोघांचा गंधही एकच. २००४ मध्ये संशोधकांनी दोघांना एकाच जातीत जमा केलं. २०१३ मध्ये पॉल रगमन-जोन्स, मार्क हॉडल आणि सहकाऱ्यांनी जनुकं तपासून पुन्हा दोन जाती केल्या. सोंड्याचा मूळ मुलूख उत्तर आणि पश्चिमेकडचा, व्हल्नेरेटसचा इंडोनेशिया-मलेशियाकडचा. खाणं दोघींचं सारखंच. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या लागूना बीचवर सापडलेला भुंगा खजुरीवरचा सोंड्या म्हणून जाहीर झाला होता, तो व्हल्नेरेटस निघाला. इथे फूट भूगोलाने पाडली, झाडाने नव्हे. म्हणून प्रत्येक वेळी झाडालाच श्रेय देऊन मोकळं होणं मला पटत नाही.

बायनोटॅटस ज्यावर राहतो त्या बुटक्या ताडाचीही यात एक वेगळी हकीकत आहे. स्पेनमधल्या प्रयोगांत दिसलं, की सोंड्या या ताडात आपण होऊन सहजी शिरू शकत नाही. पण माणसाने भोक पाडून अळी आत ठेवली, तर ती आत जगू शकते. म्हणजे अळीला ते अन्न चालतं, अडतं ते दारात. कुठला कीटक कुठल्या झाडाचा होणार हे पुष्कळदा अन्नाच्या पोषणावर नव्हे, तर मादीला तिथे अंडं ठेवता येतं की नाही यावर ठरतं. त्याच ताडाच्या पानातून तुडतुडा मात्र आरामात रस ओढतो.

बहरीनच्या बागेत मधल्या थरातल्या लिंबाच्या झाडावर पांढरट ठिपक्यांचं काळं फुलपाखरू येतं, ते आपल्याकडे कढीपत्त्यावर आणि बेलावरही अंडी घालतं. त्याच जातीचे ऑस्ट्रेलियातले वंशज लिंबू सोडून क्युलेन या शेंगवर्गीय झुडपांवर वाढतात. तिथली फुलपाखरं आज पोटजाती म्हणून नोंदलेली आहेत, वेगळी जाती म्हणून नाहीत. फुलपाखरं उडता उडता, उघड्यावर जोडीदार शोधतात; अळीच्या पानावरच भेटायचं बंधन त्यांना नसतं. आहारातला इतका मोठा बदलही त्यामुळे एकटा पुरेसा ठरत नसावा.

आणि ही फुटीची साखळी झाड खाणाऱ्या कीटकावर थांबत नाही. सफरचंदाच्या माशीच्या अळीत अंडी घालणारी डायकॅस्मा अॅलोइअम ही एक चिमुकली गांधीलमाशी आहे. २००९ मध्ये अँड्र्यू फोर्ब्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की माशी दोन फळांत विभागली गेली तशी तिच्यावर जगणारी ही गांधीलमाशीही विभागली जात आहे. तीही फळाच्या वासाने येते, फळावरच जोडीदाराला भेटते, आणि तिच्याही पिढीचा हंगाम फळाच्या हंगामाबरोबर सरकला आहे. एका झाडाने माशी फोडली, त्या माशीने गांधीलमाशी.

दुबासचीही अशी एक सोबतीण आहे. स्यूडोलिगोसिटा बॅबिलॉनिका ही मिलिमीटरपेक्षाही लहान गांधीलमाशी दुबासच्या, पात्यात खोवलेल्या अंड्यांत आपलं अंडं घालते. दुबासच्या जागी मग तिची पिल्लं बाहेर पडतात. तिचा हंगाम दुबासच्या अंड्यांवर अवलंबून, दुबासचा खजुरीच्या झावळीवर. दुबाससाठी बागेवर कीटकनाशक फवारताना शेतकऱ्याला हिचा विचार करावा लागतो, कारण अंड्यांच्या शोधात ही उघड्या पात्यावरून फिरत असते, तर दुबासचं अंडं पात्याच्या आत, औषधापासून बरंचसं सुरक्षित असतं.